नोंदीची पायरी
(पिंपळे सौदागर येथे मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस येथे बोलण्याची आज्ञा केली, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. आपल्यांतील पुष्कळ मुलेमुली या पवनाकाठाहून रोज हिंजवडीस संगणकाच्या कामास जातात. ती तेथे काय करतात, हे वडीलधाऱ्यांस थोडे कळावे, म्हणून आमच्या धंद्यातील एक लहानशी बाब आज निवडली आहे.

संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो गाभा, त्यास कर्नेल म्हणतात. लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली प्रसिद्ध केलेला लिनक्स हा कर्नेल आज अँड्रॉइड फोनांतही आहे. हा गाभा आपल्या कामाची नोंद सतत लिहीत असतो, आणि प्रत्येक नोंदीस ० ते ७ यांपैकी एक पायरी असते. ० म्हणजे यंत्रणाच निकामी झाली, १ तात्काळ इलाज हवा, २ गंभीर बिघाड, ३ चूक, ४ इशारा, ५ ध्यानात ठेवण्याजोगी बाब, ६ केवळ माहिती, आणि ७ म्हणजे कारागिराने दोष शोधण्यासाठी केलेले टिपण. अंक जितका लहान, तितके संकट मोठे.

आम्ही या कामात नवखे असताना, 'ऐच्छिक उपकरण सापडले नाही' अशा एका नोंदीस तिसरी पायरी दिली. वस्तुतः ते उपकरण नसले तरी काहीच अडत नव्हते. पण आपले लिखाण लोकांच्या नजरेस पडावे, हा आमचा अहंकार! यंत्र 'शांत' रीतीने सुरू केले असता पडद्यावर ० ते ३ एवढ्याच पायऱ्या दिसतात. त्यामुळे आमची ओळ रोज झळके. चाकणकडील एका कारखान्यातील कामगारांस ती दुर्लक्षिण्याची सवय जडली. पुढे तबकडी वाचता येत नसल्याची खरी चूक त्याच ओळींत उमटली, आणि तिच्याकडे कोणी पाहिले नाही. काही दिवसांत तबकडी गेली व तिच्याबरोबर कामाचा हिशेबही गेला. दोष कामगारांचा नव्हता, आमचा होता. 'लांडगा आला' म्हणून रोज ओरडणारा पोर आम्हीच! दुरुस्ती अवघ्या एका शब्दाची होती.

तेव्हापासून पायरी लिहिण्यापूर्वी आम्ही स्वतःस विचारतो : ही ओळ वाचून यंत्राच्या धन्याने काही करावयाचे आहे काय? नसेल, तर ती चूक नव्हे. एखादे उपकरण दुसऱ्याची वाट पाहत थांबले असेल, तर कर्नेल स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. तेथे सातवी पायरी पुरे. उलट, खरा बिघाड 'माहिती' म्हणून दडविणे हेही तितकेच पाप होय.

आपल्या मंडळाच्या प्रत्येक पत्रकावर 'अत्यंत तातडीचे' असे छापलेले असते, हे येथे नम्रपणे निदर्शनास आणतो. शब्दाचे वजन राखणे हे आमच्या धंद्याचे जसे कर्तव्य, तसेच ते घराचे आणि संस्थेचेही आहे.