कायद्यातील शेजारी
इंग्लंडच्या कायद्यातील निष्काळजीपणाची आजची कल्पना एका बाटलीतून निघाली, असे म्हटले तरी चालेल. १९२८ साली स्कॉटलंडमधील पेझ्ली येथे मैत्रिणीने घेऊन दिलेली जिंजर बिअर श्रीमती डोनोह्यू प्याल्या. उरलेली ओतताना कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असे त्यांचे म्हणणे. बाटली गडद काचेची, पैसे मैत्रिणीचे. करार कोणाशीच नाही. मग दाद कोणाकडे मागावी? त्यांनी उत्पादकावरच दावा लावला. १९३२ मध्ये लॉर्डसभेने ३ विरुद्ध २ मतांनी ठरविले की, तक्रार खरी असेल तर कराराविनाही उत्पादकावर काळजी घेण्याचे कर्तव्य येते. आपल्या कृतीने ज्याला इजा पोहोचेल हे आधीच दिसावयास हवे, तो लॉर्ड ॲटकिन यांच्या मते आपला शेजारी. कर्तव्याचा भंग आणि त्यातून झालेली हानी सिद्ध करणे मात्र वादीकडेच. या दाव्यात ती वेळ आलीच नाही. पुढे तडजोड झाली, आणि गोगलगाय अखेरपर्यंत सिद्ध झाली नाही.