मळ्यांतल्या खोलीपर्यंत इंटरनेट

घरांत आलेलें इंटरनेट घरापासून अलग असलेल्या एखाद्या खोलीपर्यंत कसें न्यावें, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. विषयाचें नांव ऐकून आपल्यापैकीं कांहींजणांना हंसूं येईल. मॅट्रिकपुढें न गेलेल्या आणि जन्मभर खडू-फळ्याच्या संगतींत राहिलेल्या शाळामास्तरानें या विषयावर काय बोलावें, असेंहि वाटेल. परंतु एकाच कामांत ज्यानें तीन वेळां चूक केली, त्याला त्या कामाविषयीं बोलण्याचा थोडासा अधिकार पोंचतो, अशी माझी समजूत आहे. तेवढ्याच अधिकारावर मी आज बोलत आहें.

आमचें गांव कोल्हार. प्रवरेच्या कांठीं वसलेलें, भगवतीमातेच्या देवळामुळें पंचक्रोशींत प्रसिद्ध असलेलें आणि नगर-मनमाड रस्त्यानें जाणाऱ्या प्रवाशांना ठाऊक असलेलें हें गांव आहे. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, प्रवरेचे कालवे वाहूं लागले आणि या भागाचें रूप पालटलें. उंसाचे फड ही आमची ओळख झाली. पुढें पेरूच्या बागाहि आल्या. आमच्या घरामागें अंगण आहे, अंगणापलीकडे माझ्या चुलत भावाच्या उंसाची एक पट्टी आहे, आणि त्या पट्टीच्या पलीकडे आमची पेरूची बाग आहे. बागेंत विहीर आहे व विहिरीशेजारीं काळ्या दगडाची, पत्र्याच्या छपराची इंजिनाची खोली आहे. विजेची मोटार आल्यापासून त्या खोलींत इंजिन राहिलें नाहीं. राहिले ते चार रिकामे डबे आणि एक मोडकें खुरपें.

ही खोली एकाएकीं महत्त्वाची झाली ती माझ्या सुनेमुळें. ती पुण्याच्या एका कंपनीचें काम करते. २०२० सालच्या टाळेबंदींत मुलगा, सून आणि नातवंडें गांवीं आलीं. पुढें कचेऱ्या उघडल्या, पण तिच्या कंपनीनें तिला घरूनच काम करण्याची मुभा दिली. अट एकच होती: ठरल्या वेळच्या बैठका चुकतां कामा नयेत. आतां आमचें घर म्हणजे काय, तें आपण ओळखालच. नातवंडांचा दंगा, कुकरच्या शिट्ट्या, दुपारचें भजनी मंडळ, आणि या सर्वांवर ताण म्हणजे माझा पस्तीस वर्षें वर्गांत कमावलेला आवाज! सूनबाई कधीं तक्रार करीत नसे. परंतु वैशाखांतल्या एका दुपारीं मीं धान्याच्या खोलीचें दार उघडलें, तेव्हां ती आंत गव्हाच्या पोत्यावर बसून, घामानें निथळत, वरिष्ठांशीं बोलत होती. मला पाहून तिनें नुसता हात हालविला. त्याच रात्रीं, पुण्यांत घर घेण्याविषयीं मुलाचें आणि तिचें चाललेलें बोलणें माझ्या कानीं आलें. मला कोणी कांहीं सांगितलें नव्हतें आणि मीहि कांहीं विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मात्र मी झाडू घेऊन विहिरीवर गेलों.

खोली स्वच्छ झाली, चुना लागला, मेज-खुर्ची आली. राहिलें इंटरनेट. आमच्या घरांत तें कांचेच्या तंतूवाटें येतें आणि राऊटर नांवाचा एक डबा त्याच्या बिनतारी लहरी करून घरभर पसरवितो. या लहरी बागेपर्यंत पोंचविण्यासाठीं मुलानें प्रथम एक छोटें पुनःक्षेपक यंत्र आणून मागच्या पडवींत लाविलें. हें यंत्र आलेल्या लहरी झेलतें आणि पुन्हां पुढें फेंकतें. ही आमची पहिली चूक.

येथें लहरींचा स्वभाव थोडा समजून घेतला पाहिजे. १८९५ सालीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बसूंनीं बिनतारी लहरी भिंतींपलीकडे पाठवून तेथें घंटा वाजवून दाखविली, ही गोष्ट आम्ही मुलांना मोठ्या अभिमानानें शिकवीत असूं. ती खरीच आहे. पण लहर भिंतींतून जाते याचा अर्थ ती पूर्ण जोमानें जाते असा नव्हे. घरांतल्या राऊटरच्या लहरी मुख्यतः दोन जातींच्या असतात. एकीची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर, तर दुसरीची पांच-सहा सेंटिमीटर. लांब लहर दूर जाते, पण तिच्या वाटेवर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या यंत्रांची गर्दी फार. आंखूड लहर पुष्कळ मजकूर वाहते, पण जाड भिंतीपुढें लवकर थकते. दगडी भिंत दोघींचीहि शक्ति खाते आणि लोखंडी पत्रा तर त्यांना आरशासारखा परतवून लावतो. शिवाय साधें पुनःक्षेपक यंत्र एकाच तोंडानें ऐकतें व बोलतें, त्यामुळें वेग जवळजवळ निम्मा होतो. खोलीच्या दारांत इंटरनेट येई आणि आंत पाऊल टाकतांच नाहींसें होई. सूनबाईला बैठक करावयाची तर विहिरीच्या कठड्यावर बसावें लागे.

दुसरा उपाय अधिक शास्त्रोक्त होता. घराच्या बाहेरच्या भिंतीवर एक आणि खोलीच्या छपरावर एक, अशीं दोन दिशादर्शी यंत्रें समोरासमोर लावावयाचीं. दिव्याचा झोत जसा एकाच दिशेनें जातो, तशा यांच्या लहरी एकमेकांकडेच जातात. पूर्वीं घरांत नुसता रेडिओ ठेवण्यासाठींहि परवाना काढावा लागत असे, हें माझ्या वयाच्या श्रोत्यांना आठवत असेल. या लहरींना मात्र आपल्या देशांत परवाना लागत नाहीं. लांब लहरींचा पट्टा २००५ सालीं व आंखूड लहरींचा मोठा पट्टा २०१८ सालीं सरकारनें ठराविक शक्तीच्या मर्यादेंत खुला केला. घर आणि खोली यांत सरळ अंतर मोजलें तें २४० फूट भरलें. या यंत्रांच्या दृष्टीनें हें अंतर म्हणजे कांहींच नव्हे. फाल्गुनांत यंत्रें लाविलीं आणि काम इतकें झकास चाललें कीं मीं गांवभर बढाई मारली.

श्रावण आला आणि इंटरनेट गेलें. आधीं पावसाच्या सरीबरोबर अडखळे, मग रोजच अडखळूं लागलें. यंत्रें तपासलीं, तारा बदलल्या, विक्रेत्याला दोनदां बोलाविलें. शेवटीं कोडें उलगडलें तें माझ्या दहा वर्षांच्या नातवाला. तो छपरावर चढून म्हणाला, "आजोबा, इथून आपलें घर दिसतच नाहीं!" चुलत भावाचा सुरू ऊंस मधल्या काळांत माणसाच्या डोक्यावर गेला होता. पाण्यानें भरलेलीं पानें या लहरींची शक्ति शोषून घेतात. एवढेंच नव्हे, तर दोन यंत्रांमधली रेघ नुसती मोकळी असून भागत नाहीं. तिच्या भोंवतींहि मोकळी जागा लागते. आमच्या अंतराला मध्यावर ती सुमारें एक मीटर भरते. मार्चमध्यें गुडघ्याएवढा असलेला ऊंस ऑगस्टमध्यें केवढा होईल, हें शेतकऱ्याच्या पोटीं जन्मलेल्या मास्तराला सुचूं नये, ही माझी दुसरी चूक.

उंच खांब उभारावा तर वाऱ्याची आणि विजेची भीति. घरांतल्या विजेच्या तारांतूनच इंटरनेट वाहून नेणारीं यंत्रें मिळतात, तीं घ्यावींत असें एकानें सुचविलें. परंतु त्यासाठीं दोन्ही ठिकाणची वीज एकाच मीटरवरची लागते. आमच्या विहिरीवरची वीज शेतीपंपाची. ती कधीं दिवसा, कधीं रात्रीं, पाळीपाळीनें येणारी. तेव्हां तोहि मार्ग खुंटला. शेवटचा मार्ग उरला तारेचा. घर आणि बाग यांच्यामधला सर्वांत जवळचा रस्ता उंसाच्या पट्टीच्या बांधावरून जात होता. आणि तेथेंच खरी अडचण होती.

त्या बांधावरून माझें आणि माझ्या चुलत भावाचें बोलणें अकरा वर्षें बंद होतें. वाद नांगराच्या एका तासाएवढ्या जमिनीचा. बांध त्यानें कोरला असें मी म्हणें, आणि मीं कोरला असें तो म्हणे. त्याला विचारावें लागूं नये म्हणून मीं तार रस्त्यानें वळसा घालून खांबांवरून नेण्याचें ठरविलें. ही तिसरी चूक आणि तिन्हींत सर्वांत महाग. इंटरनेटच्या तांब्याच्या तारेला शंभर मीटरची मर्यादा असते. वळशानें ती दीडशेच्या घरांत गेली. काम कधीं चाले, कधीं थांबे. हंगामांत उंसाच्या ट्रॉलीनें ती एकदां ओढून तोडली. आणि पुढल्या वर्षीं वैशाखांतल्या वळवाच्या पावसांत वीज जवळपास कोसळली, तेव्हां त्या तारेच्या दोन्ही टोकांचीं यंत्रें एकदम जळालीं. दोन इमारतींमध्यें उघड्यावर ताणलेली तांब्याची तार विजेचा धक्का घरांत आणते, हें आम्हांला असें पैसे मोजून शिकावें लागलें.

मुलगा म्हणाला, "आतां कांचेचा तंतु घालूं. त्याला शंभर मीटरची अट नाहीं आणि त्यांतून वीज वाहत नाहीं." प्रकाश वाहून नेणाऱ्या या तंतूंच्या शास्त्रांत पंजाबांत जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांचें १९५४ सालचें संशोधन पायाभूत मानतात. शुद्ध कांचेंतून दूरवर संदेश जाऊं शकतील, हें चार्ल्स काव यांनीं १९६६ सालीं दाखविलें. त्यासाठीं त्यांना २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. असा तंतु वळशानें रस्त्याकडेला पुरावा, तर तेथें बारमाही खोदाई. तो बांधांतूनच जावयास हवा होता.

एका संध्याकाळीं मी भावाच्या गोठ्यापाशीं गेलों. तो धार काढीत होता. मीं माझें गाऱ्हाणें सांगितलें. सुनेचें काम, जळालेलीं यंत्रें, आणि शेवटीं पुण्याच्या घराचें तें कानीं आलेलें बोलणेंहि सांगून टाकलें. तो बराच वेळ बोलला नाहीं. मग चरवी खालीं ठेवून म्हणाला, "दादा, चर किती खोल घेणार?"

"दोन फूट."

"अडीच घ्या. मोठा नांगर लावला तर दोन फुटांचा भरंवसा नाहीं. आणि बांधाच्या मधोमध घ्या. म्हणजे पुढें दोघांनाहि बांधाला हात लावतां येणार नाहीं."

अकरा वर्षांचा वाद मोजणी अधिकाऱ्याला मिटवितां आला नव्हता, तो एका चरानें मिटला. चर खणावयास त्याचाच मुलगा कुदळ घेऊन आला.

ज्यांच्या बंगल्याच्या आवारांत किंवा गांवाकडच्या मळ्यांत अशी अलग खोली आहे, त्यांच्यासाठीं आतां कामाच्या चार गोष्टी सांगतों. प्रथम तार जाईल त्या वाटेनें टेप धरून अंतर मोजावें. डोळ्यांनीं अंदाज करूं नये. शंभर मीटरच्या आंत व एकाच इमारतींत तांब्याची तार चालेल. मात्र ती अस्सल तांब्याची असावी, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नसावी. दोन इमारतींमध्यें कांचेचा तंतु बरा, आणि त्याच्या वेष्टणांत लोखंडी तार नाहीं याची खात्री करावी. नाहीं तर विजेपासून बचावाचा हेतूच फसतो. तंतु उघडा न पुरतां नळींतून न्यावा. शेतावर पाण्यासाठीं वापरतात ती काळी नळी आम्हीं वापरली. वळणें मोठ्या गोलाईचीं ठेवावींत, कारण कांच काटकोनांत वळत नाहीं. नळींत एक जादा दोरी सोडून ठेवावी. उद्यां दुसरी तार न्यावयाची झाल्यास पुन्हां खणावें लागत नाहीं. विजेची तार निराळ्या नळींतून, फूटभर अंतरानें न्यावी. दोन्ही टोकांच्या यंत्रांना लहानशी बॅटरी जोडावी, म्हणजे वीज गेली तरी बैठक मोडत नाहीं. मध्यें ओढा, रस्ता किंवा दुसऱ्याची जमीन असून खणणें अशक्यच असेल, तर समोरासमोरचीं बिनतारी यंत्रें उत्तम आहेत; पण त्यांची जागा ठरवितांना झाडें व पिकें आज किती उंच आहेत तें पाहूं नये, तीं पुरतीं वाढल्यावर किती उंच होतील तें पाहावें. या सर्व कामांत आमचा मोठा खर्च झाला तो खणण्याचा. तंतु त्या मानानें स्वस्त पडला.

आज सूनबाई त्या इंजिनाच्या खोलींत बसून काम करते. खिडकींतून पेरूची डहाळी आंत येते, ती तिनें कापूं दिलेली नाहीं. पुण्याच्या घराचा विषय घरांत पुन्हां निघालाच नाहीं, असें मी म्हणणार नाहीं. मुलांच्या पुढच्या शिक्षणाचा प्रश्न आहे आणि तो तारेनें सुटणारा नाहीं. पण आतां तो विषय निघतो तेव्हां माझ्यासमोर निघतो, आणि माझेंहि मत विचारलें जातें.

बांधावर भावानें दोन दगड रोवून त्यांना पांढरा रंग दिला आहे, नांगरणाऱ्याला खूण असावी म्हणून. परवां मी तिकडून जात असतांना त्यानें हांक मारली आणि विचारलें, "दादा, चालतंय ना नीट?" मीं म्हटलें, "चालतंय." एवढेंच. अकरा वर्षांनंतर तेंहि पुष्कळ वाटलें.