बेलग्रेडमधला बौद्धांचा रस्ता

बुद्धविहार म्हटलं की आपल्याला अजिंठ्याची लेणी आठवतात, नागपूरची दीक्षाभूमी आठवते. युरोपातलं बेलग्रेड काही डोळ्यांपुढे येत नाही. पण १९२९ साली या शहराच्या कडेला एक बौद्ध मंदिर उभं राहिलं होतं. ते बांधणारे लोक होते काल्मिक.

काल्मिक हे मंगोल वंशाचे, तिबेटी परंपरेचा बौद्ध धर्म पाळणारे. सतराव्या शतकात ते गुराढोरांसह व्होल्गा नदीच्या खालच्या खोऱ्यात येऊन राहिले. रशियातल्या यादवी युद्धात त्यांच्यातले बरेच जण बोल्शेविकांच्या विरोधात लढले आणि हरले. परागंदा झालेल्यांपैकी काही शे माणसं बेलग्रेडला पोचली. कुणी वीटभट्टीवर राबलं, कुणी शिवणकाम केलं. मंदिरासाठी जागा दिली ती वीटकारखान्याचे मालक मिलोश याचिमोविच यांनी. जवळच्या रस्त्याला नाव पडलं ‘बुदिस्तिच्का’, म्हणजे बौद्धांचा रस्ता.

हे सुख पंधरा वर्षं टिकलं. १९४४ साली सोव्हिएत सैन्य जवळ आलं, तशी या मंडळींनी पुन्हा गाठोडी बांधली. मागे मायदेशी तरी काय उरलं होतं? २८ डिसेंबर १९४३ रोजी शत्रूला साथ दिल्याचा ठपका ठेवून तिथल्या साऱ्या काल्मिकांना, लेकराबाळांसकट, रेल्वेच्या डब्यांत कोंबून सैबेरियाकडे पाठवायला सुरुवात झाली होती.

बेलग्रेड सोडलेले लोक जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांत अडकले. अमेरिकेत जायचं, तर तिथला कायदा आशियाई लोकांना दार उघडत नव्हता. मग हे लोक आशियाई की युरोपीय? शेकडो वर्षं युरोपात राहिल्यामुळे ते युरोपीयच, असा निर्णय १९५१ साली झाला आणि वाट मोकळी झाली. न्यू जर्सीत त्यांनी पुन्हा मंदिर उभारलं. सैबेरियातल्यांना १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात घरी परतता आलं. त्यांच्या राजधानीत, एलिस्ता इथे, २००५ साली शाक्यमुनी बुद्धाचं भव्य मंदिर उघडलं.

बेलग्रेडच्या मंदिराचा मात्र आधी कळस गेला, मग इमारतही पाडली गेली. रस्त्याचं नाव आज ‘बुद्वान्स्का’ आहे, बुद्वा या समुद्रकाठच्या गावावरून. ऐकायला जवळपास तेच. पण त्यातला बुद्ध गेला.

मला वाटतं, देवळाला विटांपेक्षा माणसांचा आधार अधिक लागतो. एखाद्या समाजाला घर सोडावं लागलं, की त्याचं देऊळ राखायला कोण उरणार? शेजारी कुणी राहायचं, हे ठरवताना आपण एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.