गोलात उभा राहणारा मुलगा

(माळेगाव बुद्रुक येथे संस्थेच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेले भाषण)



कार्यवाहांनी मला विषय दिला होता 'खेळ आणि शिक्षण'. विषय मोठा आहे आणि त्यावर दरवर्षी कोणीतरी बोलतेच. मी त्याचा एक कोपराच घेणार आहे. फुटबॉलच्या संघात अकरा खेळाडू असतात. त्यांतले दहा धावतात, एक दोन खांबांमध्ये उभा असतो. आज फक्त त्या एकाविषयी बोलायचे आहे. कारण सांगतो.

पंधरा दिवसांपूर्वी आपल्या मुलांचा एक सामना झाला. बरोबरीत चालला होता. शेवटच्या काही मिनिटांत एक साधा, घरंगळत आलेला चेंडू आपल्या गोलकीपरच्या दोन्ही पायांमधून गेला आणि आपण हरलो. मुलगा नववीतला. दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर आला नाही. पुढे त्याचे वडील मला बाजारात भेटले. म्हणाले, "सर, पोराला पळता येत नाही म्हणून तुम्ही त्याला गोलात उभे केले. आता सगळी पोरे त्याला नावे ठेवतात. पुढच्या वर्षी दहावी आहे. आता हे पुरे." बाजारात, भाजीच्या पिशव्या हातात घेऊन, मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

पहिली गोष्ट कबूल करतो. वडिलांचे म्हणणे निम्मे खरे आहे. आपल्याकडे ज्याला पळता येत नाही त्यालाच गोलात उभे करतात. मीही लहानपणी त्याच कारणाने तिथे उभा राहिलो. तिथे काय करायचे हे मला कोणी शिकवले नाही. फक्त "अडव" एवढेच ओरडून सांगत.

आता ते काम किती आहे पाहा. गोल चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच असतो. पेनल्टी मारणारा छत्तीस फुटांवर उभा असतो. एवढ्या रुंदीत एका माणसाने हात पसरले तरी किती जागा झाकली जाणार? म्हणून शहाणा गोलकीपर रेषेवर थांबत नाही. मारणारा एकटाच चाल करून आला, तर हा पुढे जातो. जितका पुढे जाईल तितकी मारणाऱ्याला गोलाची जागा कमी दिसते. मात्र फार पुढे गेला, तर चेंडू डोक्यावरून जातो. किती पावले पुढे यायचे, हे गणित पुस्तकात मिळत नाही. ते शेकडो गोल खाऊन येते. म्हणूनच गोलकीपर उशिरा पिकतो. पुढे खेळणाऱ्याने दहा वेळा चुकून एकदा गोल केला, तर त्याला खांद्यावर घेतात. गोलकीपरने दहा वेळा अडवून एकदा चुकले, तर त्याचे काय होते ते तुम्ही पंधरा दिवसांपूर्वी पाहिलेच.

आता आपल्या बाजूचे एक उदाहरण घेऊ. ब्रह्मानंद शंखवाळकर हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? हात वर करा. पाहा, दोनच. १९५४ साली गोव्यात ताळगावला त्यांचा जन्म झाला. गोवा मुक्त झाला तेव्हा ते सात वर्षांचे होते. प्रथम ते पनवेल स्पोर्ट्स क्लबकडून खेळले. नाव पनवेल असले तरी क्लब गोव्यातलाच. नंतर वास्कोच्या साळगावकर क्लबात गेले आणि दीड दशकाहून अधिक काळ तिथेच राहिले. १९७६ साली, बाविसाव्या वर्षी, ते भारताकडून खेळू लागले.

ही सुरुवात मोठी दिसते. परंतु पुढची वर्षे पाहा. संघात गोलकीपर एकच खेळतो. दुसरा कितीही चांगला असला तरी बाकावर बसतो. पुढच्या फळीत जागा नसेल तर मधल्या फळीत खेळता येते. गोलकीपरला दुसरी जागाच नाही. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांत भारताचा गोलकीपर आणि कर्णधार बंगालचा भास्कर गांगुली होता. ब्रह्मानंदांकडे भारताचे कर्णधारपद आले ते १९८३ साली, म्हणजे एकोणतिसाव्या वर्षी. त्याच वर्षी गोव्याने पहिल्यांदा संतोष करंडक मिळवला. बंगालविरुद्धचा अंतिम सामना गोलाविना राहिला आणि दोघे संयुक्त विजेते ठरले. पुढच्या वर्षी मद्रासला पंजाबला एका गोलाने हरवून गोव्याने तो करंडक एकट्याने जिंकला. गोलात ब्रह्मानंदच होते. अर्जुन पुरस्कार मिळाला १९९७ साली! त्या वर्षी ते त्रेचाळीस वर्षांचे होते. आपल्याकडे शाबासकीही गोलकीपरसारखीच उशिरा येते.

गोव्यात फुटबॉल रुजला तो पोर्तुगीज राजवटीत. त्या पोर्तुगालच्या शेजारी स्पेन आहे. तिथल्या एका मुलाची गोष्ट नववीच्या आणि दहावीच्या मुलांनी विशेष ऐकावी.

त्याचे नाव इकेर कासियास. जन्म २० मे १९८१. माद्रिद शहरालगत मोस्तोलेस नावाचे कामगारवस्तीचे गाव आहे, तिथे तो वाढला. वडील शिक्षण खात्यात नोकरीला, आई केशरचनेचे काम करणारी. नऊ वर्षांचा असताना तो रिआल माद्रिद या क्लबाच्या बालसंघात गेला. आता १९९७ सालचा नोव्हेंबर महिना. क्लबाला नॉर्वेत सामना होता आणि नेहमीचे गोलकीपर उपलब्ध नव्हते. सोळा वर्षांच्या ह्या मुलाला बोलावणे आले तेव्हा तो कुठे होता? मैदानावर नव्हे, शाळेच्या वर्गात! वर्गातून उठून तो थेट विमानात बसला. पालकांनो, ही गोष्ट ध्यानात घ्या. एवढ्या मोठ्या क्लबात वाढणारा मुलगासुद्धा त्या वयात शाळेत बसलेला होता.

आणि तिथे जाऊन तो खेळला का? नाही. बाकावर बसून परत आला. पहिला मोठा सामना मिळाला तो १२ सप्टेंबर १९९९ रोजी, बिल्बाओ येथे. दोन गोल खाल्ले, सामना २-२ असा सुटला. त्याच मोसमाच्या शेवटी, २४ मे २००० रोजी, युरोपातल्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेचा अंतिम सामना पॅरिसजवळ झाला. माद्रिदने वालेन्सियाला ३-० ने हरवले. गोलात उभ्या असलेल्या कासियासला एकोणीस वर्षे पूर्ण होऊन चार दिवस झाले होते.

गोष्ट इथे संपवली तर ती खोटी होईल. दोनच वर्षांनी त्याची जागा गेली. प्रशिक्षकाने सेसार सांचेस या दुसऱ्या गोलकीपरला घेतले आणि कासियास बाकावर गेला. वय वीस. काल ज्याच्या नावाने लोक ओरडत होते, तो आज दुसऱ्याचा खेळ बघत बसला होता. ह्या दिवसांत त्याने काय केले? सराव सोडला नाही, एवढेच. १५ मे २००२ रोजी ग्लासगो येथे पुन्हा तीच अंतिम लढत होती, समोर जर्मनीचा लेव्हरकुसेन संघ. अल्जीरियातून फ्रान्सला आलेल्या कुटुंबातल्या झिनेदिन झिदानने डाव्या पायाने मारलेल्या गोलामुळे माद्रिद २-१ ने पुढे होते. अडुसष्टाव्या मिनिटाला सेसार जखमी झाला. कासियासला घाईने उठवले. अंगातल्या सदऱ्याच्या लांब बाह्या त्याने कात्रीने कापल्या आणि तो मैदानात गेला. शेवटच्या मिनिटांत त्याने एकामागून एक फटके अडवले. सामना संपल्यावर तो रडला. करंडक जिंकलेला मुलगा रडत होता, हे चित्र मला फार आवडते.

त्यानंतर लवकरच विश्वचषक स्पर्धा होती. स्पेनचा पहिला गोलकीपर कान्यिसारेस याच्या पायावर अत्तराची बाटली पडून फुटली आणि पायाची शीर तुटली. अशा विचित्र कारणाने कासियासला जागा मिळाली. आयर्लंडविरुद्ध त्याने चालू सामन्यात एक पेनल्टी अडवली आणि बरोबरीनंतर निकालासाठी झालेल्या पेनल्ट्यांत आणखी दोन. वय एकवीस. पुढे २०१० साली त्याच्या कर्णधारपदाखाली स्पेनने विश्वचषक जिंकला, ते बहुतेकांना ठाऊक आहे.

आपल्या शाळेतून कासियास निघेल असे मी म्हणणार नाही. तसे सांगून मुलांना फसवणारे पुष्कळ आहेत. ब्रह्मानंद निघेल असेही म्हणत नाही. त्या वडिलांचा दहावीचा धाक खोटा नाही. घरात पहिल्यांदाच कोणी दहावीपर्यंत पोहोचत असेल, तर तो धाक असायलाच हवा. म्हणून माझे म्हणणे लहान आहे. दहावीच्या वर्षी सराव आठवड्यातून दोनच दिवस, तोही तासभर. परीक्षेच्या आधीचे दोन महिने बंद. एवढे मी लिहून द्यायला तयार आहे.

पण मुलगा मैदान सोडतो आहे ते दहावीसाठी नव्हे. पायांतून एक चेंडू गेला आणि बाकीच्या दहांपैकी एकही जण त्याच्याजवळ गेला नाही, म्हणून तो सोडतो आहे. त्या दहा जणांपैकी काही इथे समोरच बसले आहेत. माझ्याकडे बघू नका, एकमेकांकडे बघा. आणि त्याच्या घरी जा. घर तुम्हाला माहीत आहे.

चूकही फारशी मोठी नव्हती. चेंडू जमिनीवरून येताना एक गुडघा जमिनीकडे टेकवून पायांमधली जागा बंद करायची असते. हे मी त्याला शिकवले नव्हते. ती चूक माझी आहे, आणि हे त्याच्या वडिलांच्या कानावर जावे म्हणून इतक्या लोकांसमोर सांगतो.

रविवारी सकाळी सात वाजता मी मैदानावर असेन. गोलाचा उजवा खांब उसाच्या बाजूला कलला आहे. दोघे-तिघे पहार घेऊन या, तो आधी सरळ करू.