घराचा विमा : भिंती कुणाच्या, संसार कुणाचा?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



विमा म्हटला की आपल्याला आयुर्विमाच आठवतो. घराचा विमा हे 'पुरुषांचे काम' म्हणून आपण सोडून देतो. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मि.मी. पाऊस पडला किंवा जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले, तेव्हा काय गेले? पुष्कळ ठिकाणी भिंती उभ्याच होत्या. गाद्या, धान्य, फ्रिज, कपाट गेले. बाईने वर्षानुवर्षे काटकसर करून जमवलेला संसार गेला.

म्हणून आधी कागद बघा. सोसायटीचा विमा असला तरी तो इमारतीचा असतो, तुमच्या सामानाचा नव्हे. गृहकर्जाबरोबर काढलेला विमाही बहुधा इमारतीपुरताच असतो, आणि भरपाईवर पहिला हक्क बँकेचा.

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते. आग, पूर, वादळ, भूकंप, दरड, दंगल यांतले नुकसान तिच्यात येते. विम्याची रक्कम फ्लॅटच्या बाजारभावावर धरत नाहीत, बांधकामाच्या खर्चावर धरतात. समजा, ४५० चौरस फूट कार्पेट एरिया आणि फुटाला २,००० रुपये खर्च, तर ९ लाख. इमारतीचा विमा घेतला की सामानाला तिच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, संरक्षण आपोआप मिळते. इथे १ लाख ८० हजार. सामान त्याहून जास्तीचे असेल तर तसे आधीच लिहून द्यावे लागते.

तीन गोष्टी विसरू नका. एरवीची घरफोडी यात येत नाही. पूर, आग अशा घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरीच येते. दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते. आणि हे सामान म्हणजे घरगुती वापराचे. घरी शिवणकाम किंवा डबे करणाऱ्या बहिणींनी धंद्याच्या मालाचा विमा वेगळा काढावा.

आता मुख्य मुद्दा. भरपाई मिळते ती पॉलिसीवर ज्याचे नाव त्याला. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, पॉलिसीही त्याच्या, आणि उद्या त्याने बाहेर काढले तर? बुडालेल्या संसाराचा चेकही त्याच्याच खात्यात जाणार. नुसत्या सामानाचाही विमा काढता येतो, भाडेकरूलाही. तो आपल्या नावाने काढा. फ्लॅट दोघांचा असेल तर पॉलिसीवर दोघांची नावे घाला. पावत्या, घराचे फोटो, पॉलिसीची प्रत घराबाहेर विश्वासातल्या मैत्रिणीकडे ठेवा.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातली पॉलिसी घेऊन यावे. नाव कुणाचे आहे, तिथूनच वाचायला सुरुवात करू.