‘फ्लॉप शो’चं वेड

टीव्हीवरच्या आवडत्या कार्यक्रमाबद्दल बोला, असं केंद्रातल्या ताईंनी सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं असेल, ही बाई एखाद्या सासू-सुनेच्या मालिकेचं नाव घेईल. पण माझ्या आवडीचा कार्यक्रम १९८९ सालचा आहे. त्याचे भाग किती, तर फक्त १०. आणि नाव काय, तर ‘फ्लॉप शो’! ज्यानं आपल्याच कार्यक्रमाचं नाव ‘पडेल खेळ’ असं ठेवलं, त्या माणसाचं मला तेव्हापासून वेड आहे.

तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आमच्या वाडीत टीव्ही एकच, तो पाटलांच्या सोप्यात. काळा-पांढरा. रविवारी ‘महाभारत’ लागलं की सगळी वाडी तिथं. बाप्ये पुढं, बाया मागं, आणि आम्ही पोरी खिडकीच्या गजाला धरून. पत्र्यावर एक पोरगा अँटेना फिरवायला उभा. खालून ओरडायचं, “दिसतंय, दिसतंय, गेलं!” तो पुन्हा फिरवायचा.

‘महाभारता’ला जाऊन जाऊन टीव्हीची चटक लागली, मग बाकीचं पण बघायला जायला लागले. असंच एकदा ‘फ्लॉप शो’ लागला. त्याला गर्दी नव्हती. पडद्यावर एक दाढीवाला सरदारजी, चेहरा अगदी गंभीर. तो हसत नव्हता, पण पाटलांचा शिकलेला मुलगा पोट धरून हसत होता. मला हिंदी अर्धीमुर्धी कळायची. तो काय बोलतोय आणि दादा का हसतोय, काही उमगेना. उठून निघणार तेवढ्यात शेवटी गाणं लागलं. चाल सिनेमातल्या गाण्याची, विविध भारतीवर शंभरदा ऐकलेली. पण बोल भलतेच! प्रेमाच्या गाण्याच्या चालीवर हे लोक सरकारी कारभाराबद्दल गात होते. आणि मघापासून जे कळलं नव्हतं, ते त्या गाण्यात सगळं कळलं.

असं का झालं, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. चाल ओळखीची असली की आपलं लक्ष चालीत अडकत नाही. कान नेमका बदललेला शब्द पकडतो. पायाखालच्या वाटेवर एखादा नवा दगड आला तर अंधारात पण ठेच लागते ना, तसं.

त्या सरदारजींचं नाव जसपाल भट्टी. शिक्षणानं ते विजेचे इंजिनियर, चंदीगडच्या कॉलेजात शिकलेले. तिथंच त्यांनी ‘नॉन्सेन्स क्लब’ नावाचं टोळकं जमवून रस्त्यावर नाटकं केली. पुढं वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढली. ‘फ्लॉप शो’ ते स्वतः लिहायचे, बसवायचे आणि त्यात कामही करायचे. त्यांची बायको सविता भट्टी कार्यक्रमाची निर्माती, आणि पडद्यावर पण बायको तीच. विवेक शौक नावाचा गुणी नट सोबत. प्रत्येक भागात एक विषय. पीएचडी करणारा विद्यार्थी आणि त्याच्याकडून घरची कामं करून घेणारे प्रोफेसर. औषधाची खोटी बिलं लावणारे नोकरदार. कंत्राटदार आणि इंजिनियर यांचं साटंलोटं. वर प्रत्येक भाग अशाच कुणाला तरी मानानं अर्पण केलेला. म्हणजे ज्याची खोड काढायची, त्यालाच आधी हार घालायचा! आणि शेवटी ते गाणं.

दुसऱ्या दिवसापासून मी खुरपताना तसली गाणी जुळवायला लागले. भलरीच्या चालीवर, फुगडीच्या चालीवर. रेशनच्या दुकानात रॉकेल संपलेलं असायचं त्यावर, एसटी न थांबता पुढं जायची त्यावर. बाया हसायच्या आणि पात पुढं सरकायची. आई म्हणायची, “जिभेला हाड नाही हिच्या.” पण हसायची ती पण.

लग्न झालं, पोरं झाली, गाणी मागं पडली. आता पुढचं सांगते, कारण खरं सांगायचं आहे ते हेच.

सहा वर्षांपूर्वी आमच्या गावात पाण्याची टाकी बांधली. मी बचत गटाची अध्यक्ष, म्हणून पाण्याच्या कमिटीत माझं नाव घातलेलं. काम झाल्यावर एक कागद आला. “वहिनी, इथं सही करा, बिल अडलंय.” मी चहा ठेवला आणि सही केली. टाकीवर चढून बघितलं नाही. कागदही नीट वाचला नाही. उन्हाळ्यात टाकी भरली, तेव्हा खालून पाझर सुरू. सकाळी भरलेली टाकी दुपारपर्यंत निम्मी रिकामी. वरच्या आळीला पाणी पोचेना. पुन्हा हंडे घेऊन विहिरीवर, पुन्हा त्याच पायऱ्या.

गटाच्या बैठकीत बाया तापल्या. मी पण तापले. त्याच रात्री कंत्राटदारावर गाणं रचलं. त्यात त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, त्याच्या गाडीचा रंग, सगळं! दुसऱ्या दिवशी गटात म्हणून दाखवलं. कुणी हसलं नाही. एक म्हातारी आत्याबाई एवढंच म्हणाल्या, “हे गाणं न्हवं, ही शिवी हाय. आन सही तर तुझीच हाय की गं.”

मैत्रिणींनो, पायाखालची जमीन सरकली माझ्या. घरी आले तर हेही तेच बोलले, “जास्त बोलू नको. चौकशी झाली तर पहिली तूच अडकशील.” रात्रभर झोप नाही. गप्प बसावं तर वरच्या आळीच्या बाया विहिरीवर. बोलावं तर माझ्याच सहीचा कागद समोर.

त्या दिवसांत माझ्या लेकीनं मोबाईलवर ‘फ्लॉप शो’ शोधून दिला. तीस वर्षांनी पुन्हा बघितला, आणि लहानपणी जे दिसलं नव्हतं ते दिसलं. भट्टी दुसऱ्याकडं बोट दाखवून मोकळे होत नाहीत. किती वेळा लबाडी करणारा तो माणूस ते स्वतःच असतात, आणि घरातली बायको त्यात सामील! बघणारा आधी त्यांना हसतो. हसता हसता त्याला आपलंच घर आठवतं. म्हणून राग येत नाही, लाज वाटते. आणि रागावलेला माणूस भांडतो, पण लाजलेला माणूस कधी कधी सुधारतो.

मी गाणं फाडलं आणि नवं रचलं, जात्यावरच्या ओवीच्या चालीवर. पहिल्याच ओवीत मी मलाच धरलं:

टाकी बांधली उंच बाई, पाणी तळाला ठरंना,
सही माझीच कागदावर, कुणा विचारू कळंना.

पुढच्या ओव्यांत सिमेंट कुठं गेलं ते विचारलं, वाळूला विचारलं, चहाच्या कपाला विचारलं. नाव कुणाचंच घेतलं नाही.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा झाली. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावीच लागते, हे लक्षात ठेवा. बऱ्याच गावांत ती फक्त रजिस्टरवर होते. आम्ही ती खरी भरवली. टाकीचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका सगळ्यांना दाखवावी, असा ठराव लिहून घेतला. मग मोठ्या सभेत आम्ही अकरा जणी उभ्या राहिलो आणि ओव्या म्हटल्या. पहिल्या ओवीला बाप्ये हसले, मला हसले. मी हसू दिलं. तिसऱ्या ओवीला हसू बारीक झालं. पाचव्या ओवीला सभा गप्प. मग मी म्हटलं, “सही माझी आहे, चूक माझी आहे. म्हणून कागद मलाच बघायचाय. बाकीच्यांनी पण बघावा.” आता ‘ही बाई आरोप करते’ असं म्हणायला जागाच राहिली नव्हती.

लगेच सगळं झालं असं नाही. दोन महिने काही माणसं मला बघून तोंड फिरवायची. हे पण आठवडाभर नीट बोलले नाहीत. पण कागद बाहेर आले, टाकीवर माणूस चढला, आणि पावसाळ्याआधी आतून नव्यानं गिलावा झाला. गळती पूर्ण थांबली नाही, पण वरच्या आळीला आता पाणी येतं. आणि त्यानंतर मी एकही सही जागेवर जाऊन बघितल्याशिवाय केलेली नाही. आता चहा मी सहीनंतर ठेवते!

तुम्ही म्हणाल, हे सगळं टीव्हीनं शिकवलं का? टीव्हीनं आठवण करून दिली. आपल्याकडं हे होतंच. एकनाथांच्या भारुडात हेच आहे, तमाशातल्या बतावणीत हेच आहे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच बाज घेऊन लोकांना प्रश्न विचारायला शिकवलं. आपल्या आज्या जात्यावर सासरचं दुखणं गायच्या, ते तरी काय होतं? समोर बोलता येत नव्हतं, ते गळ्यातून निघायचं. पंजाबातल्या त्या सरदारजींनी हिंदी सिनेमाच्या चाली घेतल्या, मी ओवीची घेतली, एवढाच फरक.

जसपाल भट्टी २५ ऑक्टोबर २०१२ ला रस्त्यावरच्या अपघातात गेले. पुढच्या वर्षी सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं. ज्यांनी जन्मभर सरकारी कारभाराला हसवलं, त्यांना सरकारनंच मान दिला. हे ऐकून मला त्यांचाच एखादा भाग बघितल्यासारखं वाटलं.

जाता जाता चार गोष्टी. तुमच्या गटाला काही विचारायचं असेल तर चाल अशी घ्या, की म्हातारीपासून पोरीपर्यंत सगळ्यांना येते. चार-पाच ओव्या पुरे, लांबण नको. कुणाचं नाव घेऊ नका, कामाचं नाव घ्या. आणि पहिली ओवी स्वतःवर रचा. गाणं संपलं की हातात कागद हवा, नाहीतर सभा हसून घरी जाते आणि टाकी गळतच राहते.

येत्या ग्रामसभेत आमचा विषय अंगणवाडीच्या छपराचा आहे. चाल फुगडीची धरली आहे. पहिली ओवी यावेळी कुणावर रचायची, यावर गटात भांडण चालू आहे, कारण छपराच्या कागदावर आम्हा तिघींच्या सह्या आहेत!