घोरपड आणि मुंगूस : बांधावरचे दोन राखणदार



मुंगसाचे तोंड दिसले की आपण शुभशकुन मानतो, आणि बांधावर घोरपड दिसली की काठी उचलतो. वास्तविक दोघेही शेताचे राखणदार आहेत. फरक आहे तो त्यांच्या कामाच्या पद्धतीत.

प्रथम आकारमान पाहू. पूर्ण वाढलेली घोरपड शेपटीसह पाच ते साडेपाच फूट भरते. मुंगूस शेपटीसह अडीच ते तीन फूट आणि वजनाला साधारण एक ते दीड किलो. परंतु भूक आकारावर ठरत नाही. मुंगूस सस्तन प्राणी असल्याने अंगातली ऊब टिकवण्यासाठी त्याला रोज खावे लागते. घोरपड उन्हातून ऊब घेते. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानाने तिला ढोबळमानाने दहावा हिस्सा अन्न पुरते.

दोघेही दिवसा हिंडतात. मुंगूस उंदरांची बिळे उकरते. साप, विंचू, किडे खाते. घोरपड दुभंगलेल्या जिभेने वास घेत भुंगेरे, अळ्या, खेकडे, गोगलगायी व उंदीर शोधते. मेलेले जनावरही ती खाते. म्हणजे एकाचे काम दुसऱ्याला पूरक आहे.

मुंगसाची मादी सुमारे दोन महिन्यांत दोन ते चार पिले देते आणि वर्षातून दोन-तीन वेळा विते. घोरपड मात्र पावसाळ्यात बिळात किंवा वारुळात वीसेक अंडी घालते व पिले बाहेर पडण्यास सहा ते आठ महिने लागतात. तेवढ्यात वारूळ फोडले तर सगळी वीण वाया जाते.

घोरपडीच्या विषाने माणूस मरतो, तिच्या तेलाने सांधे बरे होतात, हे गैरसमज आहेत. ती चावल्यास जखम स्वच्छ धुवून डॉक्टरांना दाखवावी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार घोरपड किंवा मुंगूस पकडणे व मारणे गुन्हा आहे. ब्रशासाठी मुंगसाचे केस विकणे हाही गुन्हाच होय.

दोघेही कोंबडीची अंडी व पिले पळवतात, हे खरे आहे. त्यासाठी पुढील काळजी घ्यावी :

१) लहान पिले दिवसाही डालग्याखाली किंवा बारीक जाळीच्या खुराड्यात ठेवावीत. अंडी वेळच्या वेळी उचलावीत.

२) ब्रोमॅडिओलॉनचे आमिष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस हिंडतो. तो खाणाऱ्या प्राण्यालाही बाधा होऊ शकते. म्हणून मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत.

३) बांधावरची वारुळे व झुडपे थोडी तरी राखावीत. बांध पेटवू नये.

४) विहिरीला कठडा बांधावा. प्राणी आत पडल्यास वन विभागास कळवावे.

उंदीर मारण्याचे औषध दर हंगामात विकत आणावे लागते. हे दोन राखणदार मात्र बिनपगारी आहेत. त्यांना बांधावर राहू द्या.